जुना गेम नव्या संगणकावर: आधी साल पाहा, मग सेटिंगला हात लावा

नेरूळला राहणाऱ्या माझ्या भाच्याने मे महिन्याच्या साफसफाईत घरच्या माळ्यावरून सीड्यांचे एक काळे पाकीट खाली काढले. त्यातला एकही गेम त्याच्या नव्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून त्याने मला ठाण्याला फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मामा, कोणतं सेटिंग लावू?" जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस हेच विचारतो. त्याआधी विचारायला हवे ते हे, की गेम कोणत्या सालचा आहे आणि सुरू होताना तो संगणकाकडे नेमके काय मागतो. जुना गेम सहसा बिघडलेला नसतो. तो ज्या गोष्टीवर विसंबून लिहिला गेला, मग ती एखादी प्रणाली असो, ड्रायव्हर असो, रंगांचा एखादा प्रकार असो किंवा नुसता त्या काळच्या संगणकाचा संथपणा असो, ती गोष्ट आता उरलेली नसते. काय हरवले आहे हे कळले की उपाय बहुधा अर्ध्या तासाचा असतो; न कळता केलेली खटपट मात्र अख्खा रविवार खाते.

पुढचे विवेचन विंडोज १० किंवा ११ असलेला साधा घरगुती संगणक डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. सुरुवात करण्यापूर्वी एक वही आणि पेन जवळ घ्यावे. एका वेळी एकच बदल करायचा, गेम सुरू करून पाहायचा आणि काय झाले ते एका ओळीत लिहून ठेवायचे. हे शाळकरी वाटेल, पण पाच सेटिंगे एकदम बदलून गेम चालू झाला, तर त्यांतले कोणते कामी आले हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

साल कसे ओळखावे

सीडीच्या वेष्टनावर मागे बारीक अक्षरांत संगणकाच्या किमान गरजा छापलेल्या असतात, आणि त्या सालापेक्षाही बोलक्या असतात. तेथे ३८६ किंवा ४८६ प्रोसेसर आणि डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, उल्लेख असेल, तर गेम विंडोजचा नव्हेच. पेंटियम, १६ किंवा ३२ एमबी रॅम आणि विंडोज ९५ लिहिले असेल, तर तो सर्वांत हट्टी पिढीतला आहे. विंडोज एक्सपी आणि डायरेक्टएक्स ९ (गेमना चित्र आणि आवाज पुरवणारा विंडोजचा भाग) दिसले, तर निम्मे काम झालेच असे समजावे. वेष्टन हरवले असेल, तर सीडी उघडून तिच्यातल्या मुख्य फाइलवर राइट क्लिक करावे आणि प्रॉपर्टीजमध्ये ती कधी बदलली गेली याची तारीख पाहावी. सीडीवरच्या फाइलींच्या तारखा पुढे बदलत नाहीत, त्यामुळे हा पुरावा बऱ्यापैकी भरवशाचा असतो.

भाच्याच्या पाकिटात तीनही पिढ्या होत्या. १९९० साली डॉसवर आलेला प्रिन्स ऑफ पर्शिया, १९९७ चे एज ऑफ एम्पायर्स आणि नीड फॉर स्पीड टू एसई, आणि २००३ साली पीसीवर आलेले ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतले व्हाइस सिटी. ज्यांनी ठाण्यात किंवा वाशीत तासाच्या भाड्याने सायबर कॅफेत बसून बालपण घालवले, त्यांच्या पाकिटात थोड्याफार फरकाने हीच नावे निघतील.

सीडी आधी वाचवा

गेम चालवण्याआधी सीडीची प्रतिमा, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल असलेली फाइल, संगणकावर उतरवून घ्यावी. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत वीस-पंचवीस वर्षे माळ्यावर पडलेल्या सीड्यांवर प्लॅस्टिकचे कप्पे चिकटतात, वरचा थर सुटू लागतो, आणि एकदा नीट वाचली गेलेली सीडी पुढच्या वेळी वाचली जाईलच असे नसते. सीडी पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल फिरवून पुसू नये, कारण माहिती गोलाकार पट्ट्यांतच लिहिलेली असते आणि त्या दिशेने पडलेला ओरखडा तिचा सलग मोठा तुकडा खराब करतो. नव्या लॅपटॉपना सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो आणि तो एकदाच लागतो, त्यामुळे सोसायटीत कोणाकडे असल्यास मागून आणणे बरे.

प्रतिमा उतरवण्यासाठी इमेजबर्न हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे, पण येथे नवख्यांची एक ठरलेली फसगत होते आणि माझीही झाली होती. प्रतिमा आयएसओ प्रकारात घेतली, तर तिच्यात फक्त माहितीचा भाग येतो. त्या काळातल्या अनेक गेमांचे संगीत मात्र त्याच सीडीवर, गाण्यांच्या सीडीवर असते तसे, स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या रूपात ठेवलेले असे. १९९६ च्या क्वेकला नाइन इंच नेल्सचे संगीत आहे आणि ते असेच सीडीवरून वाजते. मी त्याची आयएसओ प्रत घेतली, गेम व्यवस्थित चालला, आणि आवाजाचे ड्रायव्हर बदलत मी चार रात्री घालवल्या. संगीत माझ्या प्रतीत नव्हतेच. म्हणून सीडीवर ध्वनिपट्ट्या असतील, तर बिन आणि क्यू अशी जोडीने येणारी प्रतिमा घ्यावी. आयएसओ फाइल विंडोजमध्ये नुसत्या डबल क्लिकने आभासी ड्राइव्ह म्हणून उघडते. क्यू फाइलसाठी विनसीडीएमू हा मोफत प्रोग्रॅम लागतो.

स्टेशनबाहेर मिळणाऱ्या, मार्करने नाव लिहिलेल्या सीड्यांबद्दल स्पष्ट बोललेले बरे. त्या चोरीच्या प्रती होत्या हा एक भाग झाला, पण व्यवहाराच्या दृष्टीनेही त्यांच्यामागे लागू नये. एका सीडीत चार गेम कोंबण्यासाठी त्यांतले संगीत आणि चित्रफिती काढून टाकलेल्या असत, आणि मूळ फाइली बदललेल्या असल्यामुळे खाली दिलेले उपाय त्यांना लागू पडतीलच असे नाही.

विकत घ्यावा की खटपट करावी

मला विचाराल तर, गेम आज अधिकृतपणे विकत मिळत असेल तर आधी तो घ्यावा. २००८ साली पोलंडमध्ये सुरू झालेल्या जीओजी या दुकानाचा मूळ धंदाच जुने गेम आजच्या विंडोजवर चालतील असे करून विकण्याचा होता. तेथे मिळणाऱ्या प्रतींना सीडीचे कुलूप, म्हणजे अस्सल सीडी ड्राइव्हमध्ये आहे का हे तपासणारी व्यवस्था, नसते आणि डॉसच्या गेमांसोबत लागणारा एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आतच बसवलेला असतो. सवलतीच्या दिवसांत त्यांतले पुष्कळसे गेम दोघांच्या मिसळीच्या बिलात बसतात. स्टीमवरही जुने गेम आहेत, मात्र तेथील प्रत दुरुस्त केलेली असेलच याची खात्री नसते, म्हणून खरेदीआधी अलीकडच्या खरेदीदारांचे अभिप्राय वाचावेत. खेळाडूंच्या किंवा गाड्यांच्या नावांचे परवाने संपल्यामुळे काही गेम दुकानांतून कायमचे उतरवले जातात. अशांसाठी मात्र सीडीशिवाय गत्यंतर नाही.

डॉसचे गेम

नवख्याने सुरुवात याच पिढीपासून करावी, कारण गेम सर्वांत जुना असला तरी उपाय सर्वांत पक्का आहे. आजचे ६४ बिटांचे विंडोज १६ बिटांचे, म्हणजे जुन्या पिढीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले, प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटांचेच मिळते, त्यामुळे डॉसचा गेम थेट चालवण्याचा विचार सोडून द्यावा. डॉसबॉक्स हा २००२ पासून उपलब्ध असलेला मोफत प्रोग्रॅम डॉसचा अख्खा संगणक, त्याच्या साउंड कार्डासकट, एका खिडकीत उभा करतो. त्याचीच डॉसबॉक्स स्टेजिंग ही आवृत्ती आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला अधिक सोयीची आहे.

सी ड्राइव्हवर गेम्स नावाचे फोल्डर करावे, त्यात प्रत्येक गेमसाठी आठ अक्षरांच्या आत मावणारे, मधे जागा नसलेले इंग्रजी नाव देऊन एक उपफोल्डर करावे आणि गेमच्या फाइली त्यात ठेवाव्यात. डॉसला आठ अक्षरांपलीकडचे नाव कळत नाही. सर्वांत सोपी रीत अशी की गेमची मुख्य ईएक्सई फाइल, म्हणजे तो सुरू करणारी फाइल, माऊसने ओढून मूळ डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडावी. तो ते फोल्डर स्वतःच सी ड्राइव्ह म्हणून जोडतो आणि गेम सुरू करतो. हाताने करायचे असल्यास डॉसबॉक्सच्या काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत माउंट हा शब्द, जागा सोडून सी हे अक्षर, पुन्हा जागा सोडून आपल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता टंकावा, एंटर दाबावे, मग सी आणि विसर्गासारखे दोन टिंब टंकून त्या ड्राइव्हवर जावे आणि ईएक्सई फाइलचे नाव लिहावे. सीडीची प्रतिमा जोडायची असल्यास माउंटच्या जागी इमेजमाउंट ही आज्ञा वापरतात, तिचे स्पेलिंग आयएमजीमाउंट असे असते.

त्यानंतर दोनच अडचणी उरतात. पहिली आवाजाची. गेमच्या फोल्डरात सेटअप नावाची फाइल असते, ती डॉसबॉक्समधून चालवून साउंड ब्लास्टर निवडावे आणि पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ असे आकडे द्यावेत. डॉसबॉक्सचे नकली साउंड कार्ड याच आकड्यांवर बसवलेले असते. दुसरी अडचण वेगाची. त्या काळचे काही गेम घड्याळ न पाहता प्रोसेसर जितक्या वेगाने पळेल तितक्या वेगाने पळत, म्हणूनच तेव्हाच्या कॅबिनेटवर टर्बो नावाचे बटण असे, आणि नावाच्या अगदी उलट, त्याचा खरा उपयोग संगणक मुद्दाम हळू करून जुने गेम खेळता यावेत हा होता. डॉसबॉक्समध्ये हे काम कंट्रोलसह एफ ११ आणि एफ १२ या कळा करतात, पहिली वेग कमी करते आणि दुसरी वाढवते. लॅपटॉपवर त्यासोबत एफएन कळही दाबावी लागू शकते. साध्या गेमांसाठी मूळ डॉसबॉक्स ३,००० सायकल्सपासून सुरुवात करतो. गेम रखडत असेल तर थोडे थोडे वाढवत न्यावे, आणि आवाज तुटू लागला की एक पायरी मागे यावे. माऊस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ १० दाबावे. पूर्ण पडदा ऑल्ट आणि एंटरने मिळतो.

विंडोज ९५ आणि ९८ चे गेम

१९९५ ते २००० या पिढीत सर्वाधिक घाम गळतो, कारण हे गेम विंडोजचेच असल्यामुळे आजचे विंडोज त्यांना चालवायचा प्रयत्न करते आणि अर्ध्यावर सोडते.

पहिली अडचण इन्स्टॉलरची. गेम स्वतः ३२ बिटांचा असतो, तो आज चालू शकतो, पण त्याचा सेटअप १६ बिटांचा असल्यामुळे हा प्रोग्रॅम तुमच्या संगणकावर चालू शकत नाही अशा अर्थाची चौकट येते आणि नवखा माणूस गेमच कालबाह्य झाला असे समजून सीडी परत माळ्यावर टाकतो. काही ठरावीक जुन्या इन्स्टॉलरना विंडोज स्वतः ओळखते आणि त्यांच्या जागी ३२ बिटांचा पर्याय चालवते. जेथे तसे होत नाही, तेथे सीडी उघडून आधी पाहावे. गेमचे फोल्डर सुट्या फाइलींच्या रूपात दिसत असेल तर ते तसेच उचलून गेम्स फोल्डरात ठेवल्याने बरेचदा काम भागते. फाइली एखाद्या मोठ्या दाबलेल्या फाइलीत बंद असतील, तर विनईव्हीडीएम हा १६ बिटांचे विंडोज प्रोग्रॅम ६४ बिटांवर चालवणारा मोफत प्रोग्रॅम वापरून सेटअप चालवावा.

दुसरी अडचण गमतीची आहे. ऐरोलीच्या एका मित्राकडे एक टीबीची जवळजवळ रिकामी डिस्क असताना इन्स्टॉलर सांगत होता की ८० एमबी जागा शिल्लक नाही. कारण असे की ३२ बिटांच्या चिन्हासह धरलेल्या आकड्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावते, म्हणजे बाइटांत मोजले तर २ जीबीच्या आत. मोकळी जागा त्यापलीकडे गेली की जुन्या प्रोग्रॅमच्या हिशोबात तो आकडा उणे होऊन बसतो. उपाय म्हणजे डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दीड जीबीची व्हीएचडी, म्हणजे फाइलीच्या पोटातली छोटी आभासी डिस्क, तयार करावी, ती फॉरमॅट करावी आणि गेम तिच्यावर बसवावा. खऱ्या डिस्कचे भाग पाडण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर त्या फाइलवर डबल क्लिक करून डिस्क परत जोडावी लागते, एवढेच.

गेम कोठेही बसवा, फक्त प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरात बसवू नका. विंडोज व्हिस्टापासून त्या फोल्डरात लिहायला सामान्य प्रोग्रॅमला परवानगी नसते, आणि जुने गेम तर आपले सेव्ह स्वतःच्याच फोल्डरात लिहितात. विंडोज त्यांना दुखवत नाही, त्या फाइली गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरातल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवते, आणि मग आपण गेमच्या फोल्डरात सेव्ह शोधत बसतो.

गेम बसल्यावर तो काहीही न बदलता एकदा चालवून पाहावा. नाही चालला, तर ईएक्सई फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कंपॅटिबिलिटी हा कप्पा उघडावा आणि विंडोज ९८ किंवा एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडावे. याविषयी एक गैरसमज आहे. या खुणेमुळे जुने विंडोज परत येत नाही. विंडोज फक्त गेमला आपला क्रमांक खोटा सांगते आणि त्या काळच्या काही सवयींची नक्कल करते. आवृत्ती तपासून बंद पडणाऱ्या गेमांना त्याचा लगेच गुण येतो, इतरांना येईलच असे नाही. त्याच कप्प्यात फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन बंद करण्याची खूण आहे, ती दुसरी करून पाहावी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवण्याची खूण सर्वांत शेवटी, आणि ओळखीच्या ठिकाणाहून आलेल्या गेमलाच द्यावी.

आता चित्राकडे वळू. एज ऑफ एम्पायर्स सुरू झाला आणि गवत लाल, पाणी जांभळे दिसू लागले, तर ग्राफिक्स कार्ड बिघडलेले नाही. तो गेम एका वेळी २५६ रंगांची एक तक्ती वापरतो आणि प्रत्येक ठिपक्याला रंगाऐवजी तक्तीतला क्रमांक देतो. आजचे विंडोज लाखो रंगांत काम करते. मधेच दुसऱ्या कोणी ती तक्ती बदलली की क्रमांक तेच राहतात आणि रंग फिरतात. कंपॅटिबिलिटीतल्या ८ बिट रंगांच्या खुणेने कधी कधी भागते, पण पक्का उपाय रॅपरचा.

रॅपर म्हणजे मध्ये बसणारा दुभाषी. जुना गेम डायरेक्टड्रॉच्या भाषेत चित्र मागतो, रॅपर ती मागणी आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा भाषेत पुढे पाठवतो. तो कामाला लावण्याची रीतही सोपी आहे, कारण गेम आपल्याला लागणारी डीएलएल फाइल, म्हणजे प्रोग्रॅमला मदत करणारी सुटी फाइल, आधी स्वतःच्या फोल्डरात शोधतो आणि तेथे नसेल तरच विंडोजकडे जातो. म्हणून त्या नावाची दुसरी फाइल शेजारी ठेवली की काम झाले, विंडोजच्या फाइलींना हात लावावा लागत नाही. नुसत्या सपाट चित्रांच्या गेमांसाठी सीएनसी-डीड्रॉ उत्तम आहे. त्रिमितीय गेमांसाठी डीजीव्हूडू २ घ्यावा. त्याच्या संचातल्या एमएस या फोल्डरात एक्स ८६ नावाचे उपफोल्डर आहे, त्यातल्या डीएलएल फाइली आणि मुख्य संचातली कंट्रोल पॅनेलची ईएक्सई गेमच्या ईएक्सई फाइलीशेजारी ठेवाव्यात. गेम सुरू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात डीजीव्हूडूचे चिन्ह दिसले, तर दुभाषी कामाला लागला आहे असे समजावे. नवखे लोक हे चिन्ह पाहताच ते घालवण्याच्या मागे लागतात; मी म्हणतो, सगळे जमेपर्यंत ते राहू द्यावे, आपली फाइल योग्य जागी पडली आहे याचा तो एकमेव डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे. नंतर कंट्रोल पॅनेलमधली वॉटरमार्कची खूण काढून टाकावी. त्याच पॅनेलमध्ये मूळ प्रमाण राखून चित्र ताणण्याचा पर्याय निवडला, म्हणजे चारास तीन प्रमाणासाठी काढलेली माणसे आजच्या रुंद पडद्यावर बुटकी आणि फुगलेली दिसत नाहीत. रॅपर बसवल्यावर कंपॅटिबिलिटीच्या खुणा मात्र काढून टाकाव्यात, कारण त्या असल्या की विंडोज स्वतःचीच डीएलएल पुढे करते आणि शेजारची तशीच पडून राहते. भाच्याकडे ट्रान्स हार्बर लोकलने जाऊन पाहिले तेव्हा नेमके हेच झाले होते. रॅपर योग्य होता, फक्त आदल्या आठवड्यात केलेली विंडोज ९८ ची खूण काढायची राहिली होती, आणि वहीत ती लिहिलेली नव्हती.

नीड फॉर स्पीड टू एसईसारखे काही गेम थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डासाठी असलेली ग्लाइड ही वेगळीच भाषा बोलतात. ते कार्ड आणि ती कंपनी दोन्ही गेली, पण ग्लाइडचा दुभाषी म्हणून एनग्लाइड हा छोटा प्रोग्रॅम आहे. तो बसवून गेमच्या सेटिंगमध्ये थ्रीडीएफएक्स निवडले की तेव्हा ज्या कार्डासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणकाच्या दुकानांच्या खिडक्यांसमोर नुसते उभे राहायचो, त्याचे चित्र फुकटात मिळते.

सीडीचे कुलूप

गेम बसला, पण सुरू करताच काही न बोलता बंद पडतो किंवा सीडी ड्राइव्हमध्ये असतानाही सीडी घाला असे सांगतो, तर कारण बहुधा सेफडिस्क नावाच्या कुलपात असते. हे कुलूप सेकड्राइव्ह नावाच्या एका ड्रायव्हरच्या मदतीने उघडे, आणि तो ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसत असल्यामुळे त्यातली त्रुटी अख्ख्या संगणकाला धोक्यात आणणारी होती. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मधून मायक्रोसॉफ्टने तो वगळला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सुरक्षा अपडेट पाठवून व्हिस्टा, ७ आणि ८ वरही बंद केला. म्हणजे सीडी अस्सल, पावती हातात, ड्राइव्ह ठणठणीत, तरी कुलूप उघडणारा पहारेकरीच नोकरी सोडून गेलेला. येथे कंपॅटिबिलिटी किंवा रॅपर काहीही कामी येत नाही आणि त्यात वेळ घालवू नये.

वाटा दोन. निर्मात्यांनी त्या गेमसाठी शेवटचा अधिकृत पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, काढताना कुलूप काढून टाकले होते का, हे पाहावे. अनेकांनी तसे केले होते. नाहीतर कुलूप नसलेली आजची अधिकृत प्रत विकत घ्यावी. जाळ्यावर मिळणाऱ्या, कुलूप तोडणाऱ्या ईएक्सई फाइलींचा मोह टाळावा. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय अनोळखी माणसाने बदललेला प्रोग्रॅम आपण ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करतो तेथे चालवणे शहाणपणाचे नाही. तो जुना ड्रायव्हर कोठून तरी आणून परत बसवण्याचा सल्लाही कोणी देईल. तो मुळीच ऐकू नये.

एक्सपीच्या काळातले गेम

२००१ नंतरच्या गेमांना सहसा एखादा सुटा भाग हवा असतो. डी३डीएक्स९ ने सुरू होणारी डीएलएल सापडत नाही असा संदेश आला, तर एकेक डीएलएल शोधून उतरवण्याऐवजी मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम संच बसवावा. आजच्या विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असले तरी त्या काळच्या या साहाय्यक फाइली त्यात नसतात. काही गेम डायरेक्टप्ले हा नेटवर्कवर खेळण्यासाठीचा जुना भाग मागतात, तो कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये लेगसी कम्पोनंट्सखाली नुसती खूण करून मिळतो.

वेगाचा प्रश्न येथे पुन्हा डोके वर काढतो, फक्त वेगळ्या रूपात. व्हाइस सिटीच्या पर्यायांमधला फ्रेम लिमिटर, म्हणजे दर सेकंदाला किती चित्रे दाखवायची याची मर्यादा, बंद केला तर चित्र गुळगुळीत होते, पण गेमचे भौतिकशास्त्र सेकंदाला ३० फ्रेम गृहीत धरून लिहिलेले असल्यामुळे गाड्यांचे वागणे बिघडते. तो चालूच ठेवावा. ज्यांच्याकडे १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे, त्यांनी जुना गेम भरधाव पळताना दिसल्यास मॉनिटर आधी ६० हर्ट्झवर आणावा. गेम मधेच अडकत असेल, तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स कप्प्यात त्यावर राइट क्लिक करून सेट ॲफिनिटीतून त्याला प्रोसेसरचा एकच कोर द्यावा, कारण एकाहून अधिक कोर असतील ही कल्पनाच त्याच्या लेखकांना नव्हती. व्हाइस सिटी आणि त्याच मालिकेतल्या सॅन अँड्रियाससाठी सायलेंटपॅच ही चाहत्याने केलेली मोफत दुरुस्ती मात्र सरळ बसवून टाकावी. व्हाइस सिटीत माऊसच चालत नाही ही ठरलेली तक्रारही ती दूर करते.

सॅन अँड्रियासचेच एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर त्यातले स्किमर हे पाण्यावर उतरणारे विमान गायब झाले आणि सर्वांनी मायक्रोसॉफ्टला दोष दिला. २०२५ साली शोध लागला तो असा, की त्या विमानाच्या नोंदीत चाकांच्या मापाचे आकडे लिहायचेच राहून गेले होते. गेम ते आकडे न तपासता मेमरीत आधीच्या गाडीचे जे काही उरले असेल ते उचलत होता, आणि वीस वर्षे ते योगायोगाने तेथे शाबूत राहत होते. नव्या विंडोजने ती जागा वेगळ्या रीतीने वापरली आणि चूक उघडी पडली. म्हणून कालपर्यंत चालणारा गेम अपडेटनंतर बंद पडला, तर विंडोजची नवी सेटिंगे चाळण्याआधी त्या गेमची दुरुस्ती नव्याने निघाली आहे का ते पाहावे. पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर गेमनिहाय अशा नोंदी मिळतात.

यातले काहीच लागू पडले नाही तर

काही गेमांचे इंजिनच चाहत्यांनी नव्याने लिहिले आहे, आणि जेथे ते आहे तेथे वरची सगळी खटपट व्यर्थ आहे. जुन्या साहस-गेमांसाठी स्कमव्हीएम, ट्रान्सपोर्ट टायकूनसाठी ओपनटीटीडी, डायब्लोसाठी डेव्हिल्यूशनएक्स, डूमसाठी जीझेडडूम. यांतल्या बहुतेकांना मूळ गेमच्या फाइली तेवढ्या दाखवाव्या लागतात. दुसरा मार्ग ८६बॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये व्हूडू कार्डासकट अख्खा विंडोज ९८ चा संगणक उभा करण्याचा. तो चालतो, पण त्याला बलवान प्रोसेसर, मूळ विंडोजची सीडी आणि एक मोकळा शनिवार लागतो, म्हणून तो नवख्याने पहिल्या महिन्यात करू नये. लिनक्स वापरणाऱ्यांनी वाइन हा विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम आधी वापरून पाहावा. तो ६४ बिटांवरही १६ बिटांचे विंडोज प्रोग्रॅम चालवतो, जे खुद्द विंडोजला आता जमत नाही.

गेम एकदा मनासारखा चालू लागला की त्याच दिवशी त्याचे पूर्ण फोल्डर, रॅपरच्या फाइलींसह, सीडीची प्रतिमा, वापरलेले पॅच आणि वहीतल्या ओळी टंकून केलेली एक साधी मजकुराची फाइल, असे सगळे एकत्र करून बाहेरच्या डिस्कवर ठेवावे. गेम सेव्ह कोठे लिहितो तेही त्या फाइलीत नोंदवावे, आणि नोंदवण्याआधी एक सेव्ह करून, गेम बंद करून, ती फाइल खरोखर तेथे आहे ना हे उघडून पाहावे.